खांबाखालचं बेल्जियम

आमच्या गावच्या नव्या घराच्या ईशान्येकडच्या खांबाखाली बेल्जियमच्या पहिल्या राजाचं तांब्याचं नाणं आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मला ते कुणीतरी थापेबाजाने लिहिल्यासारखं वाटलं. पण ते खरं आहे.

मी रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मोहोपाड्याच्या कॉलनीत राहते. आमच्या कर्जत-खालापुरात हल्ली लोक गुंठे जमवतात. मी नाणी जमवते. त्यातही सोन्याचांदीची नाहीत, तांब्याची. आणि आपल्या देशाचीही नाहीत, बेल्जियमची. आणि तीसुद्धा एकाच राजाची. हे ऐकल्यावर माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला पाठ झाली आहे. माझा भाऊ तर पाहुण्यांना सांगतो, "ताईला एवढं शिकवलं, आन् ती मोड गोळा करते."

सुरुवातही मोडीतच झाली, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. खोपोलीच्या एका भंगारवाल्याकडे मी घरातली रद्दी घालायला गेले होते. तिथे तांब्याच्या तारांच्या ढिगावर एक काळपट चकती पडली होती. एका बाजूला बसलेला सिंह, त्याचा पंजा एका पाटीवर. दुसऱ्या बाजूला मुकुट आणि त्याखाली एक वळणदार अक्षर. सिंह बघून मला ते आपल्याकडचंच काहीतरी वाटलं. ती घेऊन घरी आले, मोबाइलवर शोधत बसले तेव्हा कळलं, की हे नाणं बेल्जियमचं, एकोणिसाव्या शतकात शेजारच्या राज्यातून फुटून नुकताच स्वतंत्र झालेला हा देश. नवा राजा आणला, नवं संविधान लिहिलं आणि हौसेने ते संविधानच सिंहाच्या पंजाखाली पाटी म्हणून नाण्यावर छापलं. मला तो सिंह फार आवडला. कालपरवा स्वतःचं घर झालेल्या माणसाने दारावर नावाची पाटी लावून शेजारी उभं राहावं, तसा तो दिसतो.

काका मला या नादामुळेच भेटले. कारखान्याची सहल माथेरानला गेली होती. आम्ही उतरलो त्या लहानशा हॉटेलात मालकाच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली नाणी. मी वाकून बघितलं आणि ओरडलेच, "अय्या, सिंह!" टेबलामागचे म्हातारे गृहस्थ ताडकन उठले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्या टेबलापाशी इतकी वर्षं लोक खोलीची किल्ली मागायला येत होते, सिंह ओळखणारी मीच पहिली. तेव्हापासून ते माझे काका झाले. नाणं कसं धरायचं, काठ कसा बघायचा, भिंगाखाली काय शोधायचं, सगळं त्यांनी शिकवलं. बायकोला जाऊन काही वर्षं झाली होती, हॉटेल पुतण्या बघत होता, आणि काकांचे डोळे हळूहळू जात होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्या तळहातावर दोन नाणी ठेवली. दोन्ही एकाच सालची, एकाच आकाराची, आपल्या रुपयाएवढी.

"यातलं एक तिचं आहे," ते म्हणाले. तिचं म्हणजे काकूंचं. काकूंना नाण्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण एकदा मुंबईला माहेरी गेलेल्या असताना त्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरल्या आणि नवऱ्याच्या संग्रहात नसलेलं सालच शोधून घेऊन आल्या. काकांना आभाळ ठेंगणं झालं. मग ते दोघं पुण्याला एका नाण्यांच्या प्रदर्शनात गेले. तिथल्या एका जाणकाराने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि चारचौघांत म्हणाला, "वहिनी, फसलात. ही नक्कल आहे."

"हसली ती तेव्हा," काका म्हणाले, "पण पुन्हा कधी माझ्याबरोबर प्रदर्शनाला आली नाही. आणि मला पुन्हा काही आणलंही नाही."

काकांनी त्या माणसाचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून त्याच सालचं दुसरं नाणं मिळवलं. पण दोन्ही शेजारी ठेवून निवाडा करायचं त्यांना जमलं नाही. आज बघू, उद्या बघू करता करता काकू गेल्या आणि मग डोळेही गेले.

"तिचं कुठलं आणि माझं कुठलं, ते मी तुला सांगणार नाही. मला हातात घेतलं की कळतं. तू फक्त खरं कुठलं ते शोधून काढ. तिचंच खरं निघणार, त्यात मला शंका नाही. मला ते एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय, बस."

मी ती नाणी जिवापाड जपत खाली आणली. प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलली, भिंगाखाली घातली. फार कष्ट पडलेच नाहीत. एक नाणं वजनाला हलकं होतं आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक खळगे होते. साच्यात तांबं ओतून केलं की असे खळगे पडतात. दुसऱ्यावर मात्र सिंहाच्या मागे एक पुसट रेघ दिसत होती, आधीच्या एखाद्या छापाची. त्या नव्या राज्याकडे सुरुवातीला पुरेसं तांबं नव्हतं, म्हणून जुन्या राजाच्याच काही नाण्यांवर नव्या राजाचा ठसा मारला होता. ती रेघ दिसली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे अस्सल होतं, आणि नुसतं अस्सल नव्हे, फार देखणं होतं.

मी काकांना फोन केला. "एक खरं, एक खोटं. खरं तर असं आहे की..."

"कसं दिसतं ते सांगू नकोस," ते घाईने म्हणाले. "हातात घेईन तेव्हाच कळू दे. चला, म्हणजे माझं खोटं. मी फसलो, ती नाही." आणि ते मोठ्याने हसले. स्वतःचं नाणं खोटं ठरल्याचा इतका आनंद झालेला संग्राहक मी दुसरा पाहिलेला नाही.

आता घराचं सांगते. भावाने गावातलं जुनं घर पाडून त्याच जागी नवं काढायला घेतलं होतं, म्हणून आई माझ्याकडे कॉलनीत राहायला आली होती. पायाभरणीच्या पूजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिला आठवलं, की घराच्या पायात घालायला तांब्याचा पैसा नाही.

"राजाचा पायजे गं," ती म्हणाली. "आमच्यात राजाचा शिक्का असलेलाच घालतात. तुज्या आजोबांनी पण घातलेला."

घरात पूर्वी तसे पैसे होते. ते आईनेच एका वर्षी मोडीत देऊन त्यावर कळशी घेतली होती. मी तिला तसं ऐकवलं. ती म्हणाली, "कळशी घालू का मग पायात?"

माझ्या संग्रहातलं एखादं द्यावं, तर माझा जीव होईना. तेवढ्यात मला ते खोटं नाणं आठवलं. मी काकांना पुन्हा फोन लावला आणि विचारलं. ते खूश झाले. "दे, दे! माझं ते खोटं आता घरात ठेवून काय करू? कुणाच्या घराला तरी कामी येऊ दे."

मग मी जेवणाच्या टेबलावर दोन्ही नाणी मांडून आईला सगळी हकीकत सांगितली. हे खोटं, हे खरं, हे असं ओळखायचं. तिनेही चष्मा लावून बघितलं. मला वाटलं, चला, पहिल्यांदा आई माझ्या छंदात रस घेतेय! खोटं नाणं मी तिच्या पूजेच्या पिशवीत घातलं, खरं डबीत ठेवून कपाटात ठेवलं आणि सकाळच्या पाळीला निघून गेले.

पाळी संपवून गावात पोचले तोवर पूजा उरकली होती. ईशान्येच्या खड्ड्यात कलश, नारळ, पैसा सगळं घालून वर काँक्रीट ओतून झालं होतं, सळया उभ्या होत्या. भावाच्या कपाळावर कुंकवाचा भलामोठा टिळा होता. मी पेढा खाल्ला, भटजींना नमस्कार केला, आणि आमचं घर एका परदेशी राजाच्या बनावट पैशावर उभं राहणार म्हणून मनातल्या मनात हसत आईला घेऊन कॉलनीत परतले.

काकांकडे दुसऱ्याच दिवशी जायचं होतं. नाणं नीट बांधून घ्यावं म्हणून मी डबी उघडली. नाणं बोटांत उचललं आणि तिथेच मला शंका आली. ते हलकं होतं. दिव्याखाली धरलं. सिंहाच्या मागची रेघ नव्हती. खळगे होते.

मी डबी उलटी केली. कपाटातले कपडे खाली ओढले. पिशवी झाडली. मग स्वयंपाकघरात जाऊन आईसमोर ते नाणं धरलं.

आई भाजी निवडत होती. "त्येच हाय ते," ती म्हणाली. "मी बदललं सकाळी."

"बदललं?"

"मग? तूच नाय का सांगितलंस, ह्ये खोटं नि त्ये खरं म्हणून? घराखाली खोटा पैसा घालतात का गं? पोरंबाळं राहायची हायत त्यात आपली."

"आई, ते लोकांचं होतं!"

"ह्ये पण लोकांचंच ना? दोन होती, एक द्यायला त्यांनी हो म्हटलं. एक न्हेलं, एक ठेवलं. चोरी नाय केली मी." आणि मग माझं तोंड बघून ती थोडी चाचरली. "राजाच्या नावाचं खोटं देवासमोर कसं ठेवायचं, सांग तू मला."

मी खाली फरशीवर बसले. एका बाईने आयुष्यात नवऱ्यासाठी शोधून आणलेलं एकुलतं एक नाणं. त्यावरून चारचौघांत तिचा अपमान झाला. आता कुठे ते खरं असल्याचं तिच्या नवऱ्याच्या कानावर घालायची वेळ आली, तर ते काँक्रीटखाली. आणि हे सगळं माझ्या आईने, माझ्याच तोंडून खरंखोटं समजून घेऊन, अगदी शुद्ध मनाने केलं होतं. मला रडू येत होतं आणि रागाने डोकंही फुटायची वेळ आली होती, आणि राग काढायचा कुणावर तेच कळत नव्हतं.

भावाला फोन करून सांगितलं. तो शिव्या देईल, नाहीतर हसेल, अशी माझी अटकळ होती. तो अर्ध्या तासात बाइकवर दारात हजर झाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फोडतो."

"काय फोडतोस?"

"खांब. आजच ओतलाय. हातोडा घातला तर निघंल अजून."

या माणसाने माझ्या छंदाची आजवर टिंगलच केली होती. आई मध्ये पडली, "पूजा केलेलं उकरतात का रं! घराखालचं काढत नाय कुणी." तो तिला म्हणाला, "आई, दुसऱ्याच्या बायकोची आठवण घालून मला घर नाय बांधायचं." आईने निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

मी त्याला थांबवलं. हे काकांना कळायलाच हवं होतं आणि ठरवायचंही त्यांनीच होतं. फोनवर असलं काही सांगायची माझी छाती झाली नाही. भावाने सेंट्रिंगवाल्यांना कळवलं की ताईचा फोन आल्याशिवाय कुणी कामाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेरळहून टॅक्सीने, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत गेले आणि पुढे रुळांच्या कडेने चालत निघाले. घोडेवाले विचारत होते, हातरिक्षावाले विचारत होते, मी कुणालाच उत्तर दिलं नाही. सारखं एकच वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. काका व्हरांड्यात बसले होते. माझी पावलं त्यांनी ओळखली आणि लगेच हात पुढे केला. तळहात वर करून. त्या हाताकडे बघून माझा धीरच सुटला.

मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. पुढे केलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूहळू मांडीवर घेतला.

"तिचं गेलं," ते म्हणाले.

"काका, माझा भाऊ खांब फोडायला तयार आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा. काम थांबवून ठेवलंय."

"घर फोडणार? नाण्यासाठी?" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी मान हलवली, पण ती हो की नाही ते मला कळेना. मग एकाएकी तांबडेलाल झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"आण इकडे ते दुसरं. माझं खोटं. तेच उरायचं होतं का? दरीत फेकून देतो मेलं!"

मी घाबरून डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाणं काढलं, खुर्चीतून उठले आणि कठड्यापलीकडे फेकायला हात उचलला. आणि तो हात तसाच वर थांबला. त्यांचा अंगठा नाण्याच्या काठावरून फिरत होता. एकदा गेला, परत आला, आणि एका जागी टेकला.

"हे तुझ्या डबीतलं?"

"हो."

"हे खोटं? तू नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, काका. वजन कमी आहे. ओतीव आहे. त्यात संशय नाही."

ते खुर्चीत बसले. बसले म्हणजे कोसळलेच. नाणं त्यांनी माझ्याकडे धरलं आणि काठावरचा एक बारीक चरा नखाने दाखवला. तो मीही पाहिला होता. इतक्या जुन्या वस्तूवर खरचटायचंच म्हणून सोडून दिला होता.

"दुकानात घेताना तिने कानशीने घासून बघितलं होतं, आत तांबंच आहे ना म्हणून. दुकानदाराचीच कानस मागून घेतली. मला किती अभिमानाने सांगितलं होतं! मी तेव्हा ओरडलो होतो तिला, की नाण्याला कानस लावतात का."

काकूंचं नाणं काँक्रीटखाली गेलं म्हणून मी रात्रभर तळमळले होते, आणि ते माझ्याच डबीत होतं. मी आईच्या पिशवीत घातलं होतं ते हेच. हेच खड्ड्यात जायचं ठरलं होतं, काकांनी हसत हसत हो म्हटलं होतं, आणि आईने ते बाहेर काढून ठेवलं होतं.

"तो पुण्याचा माणूस बरोबर होता," काका हळू आवाजात म्हणाले. "आणि मी तिला जन्मभर सांगत आलो, त्याला काय अक्कल आहे."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते रडतील असं वाटलं, पण ते रडले नाहीत. म्हणाले, "भावाला आधी फोन कर. काम सुरू कर म्हणावं. आणि आईंना माझा नमस्कार सांग."

मी फोन केला. भाऊ "बरं" म्हणाला आणि त्याने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तो काकांनाही ऐकू गेला.

मग काकांनी मला आतून त्यांचा ट्रे आणायला सांगितला. मखमलीच्या खाचांत सालवार नाणी लावलेली, आणि त्या एका सालची जागा रिकामी. त्यांनी चाचपडत ती रिकामी जागा शोधली आणि चरा असलेलं नाणं तिच्यात बसवलं. वरून बोटाने दाबलं.

"शेजारी ठेवून बघायला आता दुसरं आहे कुठे?" ते म्हणाले. "ते घराखाली. निघायचं नाही. मग हे खोटं कशावरून?"

खोट्याला खरं म्हणणाऱ्याला दारात उभं न करणारा हा माणूस. भिडेखातरसुद्धा नाण्याबद्दल चुकीचं बोलायचं नाही, हे मला त्यांनी बजावून बजावून शिकवलं होतं. एकदा मी एका मैत्रिणीचं मन राखायला तिच्या नाण्याला अस्सल म्हटलं, तर महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. त्यांचे न दिसणारे डोळे आता बरोबर माझ्या चेहऱ्यावर रोखलेले होते, आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं. "हेच खरं आहे, काका."